अर्ध्या सेकंदाचा उशीर

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्या तरी अख्खी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची, आणि बाईंनाही ते आवडायचं, उगाच कशाला लपवा! त्यांचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली आणि साठीनंतर डोळेच गेले. आता उजेड की अंधार, एवढंच कळायचं.

रेकॉर्ड केलेली पुस्तकं ऐकणं हा त्यांचा एकुलता एक नाद. बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर लागला की शेजारच्या खुर्चीत जे बसायचे, ते जेवायलासुद्धा तिथेच! इअरफोन लावला तर घरातलं काही ऐकू येत नाही म्हणून जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरातल्या घरात तरी चाला, नाहीतर पाय कायमचे धरतील." बाई हात धरायला गेल्या की हे हात झटकणार. "मी काय कुकुलं बाळ आहे?"

बाईंची झोप उडाली होती. आधी डोळे, आता पाय. मग या माणसाचं राहिलं काय?

भाचीने तिच्याकडचा जुना कॉम्प्युटर आणून स्वयंपाकघरात मांडला. "मावशी, साउंड सर्व्हर म्हणून एक प्रोग्रॅम असतो. बाहेरच्या कॉम्प्युटरवर लावलेलं इथल्या स्पीकरवरही वाजेल," एवढं सांगून ती पळाली. बाईंनी चंग बांधला. गोष्ट घरभर ऐकू आली की ती चुकेल म्हणून खुर्चीला चिकटायला नको, असा त्यांचा हिशोब.

तीन दिवस स्वयंपाकघरातला स्पीकर मुका. बाई त्याला काय काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी उलगडा झाला. तिथला सर्व्हर फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरचं ऐकत होता, बाहेरून येणाऱ्याला उभंच करत नव्हता. "अस्सं होय! म्हणजे कुणाचा फोन घ्यायचा हे याला सांगावं लागणार," म्हणत बाईंनी सेटिंगच्या फाइलमध्ये बाहेरच्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहिला, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि स्वयंपाकघरात गोष्ट बोलायला लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्याच दिवशी यजमान उठले. भिंतीला हात लावत दोन खोल्यांमधल्या बोळातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि परत गेले. मग रोजच. बाई श्वास रोखून बघायच्या.

एकच खोट होती. स्वयंपाकघरातला आवाज अर्धा सेकंद मागे पडायचा. प्रत्येक वाक्याला शेपूट! बाईंना लाज वाटली. अशी लाइन त्यांनी नोकरीत कधी कुणाला दिली नव्हती. त्यांनी इंटरनेटच्या एका फोरमवर मदत मागितली. तिथल्या एका अनोळखी भल्या माणसाने आठ दिवस न कंटाळता सेटिंगमधला एकेक आकडा बदलायला सांगितला, आणि दोन्ही खोल्या एका सुरात बोलू लागल्या. बाईंची छाती फुगली.

त्याच दुपारी यजमान बोळात दाराच्या चौकटीवर धाडकन आदळले. कपाळाला टेंगूळ. खुर्चीत जाऊन बसले ते तीन दिवस उठेचनात.

"अहो, लागलं म्हणून का रुसून बसायचं?"

"तू काहीतरी केलंस." यजमान चिडूनच बोलले. "आधी बाहेरची खोली बोलायची, मागून स्वयंपाकघर. तो उशिराचा आवाज जसजसा मोठा व्हायचा तसं मला कळायचं, दार कितीसं राहिलंय ते. आता सगळीकडून एकच आवाज येतो. मी कुठे आहे तेच कळत नाही गं."

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांना खुपलेली खोट हीच यजमानांची वाट होती, आणि ती त्यांनी हौसेने पुसून टाकली होती.

लगेच फोरमवर लिहिलं, "दादा, तो उशीर परत कसा लावायचा?" उत्तर आलं, "लोक उशीर घालवायला येतात. परत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" पण आकडा मात्र त्याने नेमका सांगितला. ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्या माणसाला बाईंनी दोन्ही हात जोडले, तेही कॉम्प्युटरसमोर.

संध्याकाळी बाई भांडी घासत होत्या. पुस्तक चालू होतं, वाक्यांना शेपूट होतं. पावलं बोळातून आली, दारापाशी थबकली आणि आज पहिल्यांदाच आत शिरली.

"फडकं कुठे आहे? दे, पुसायला घेतो."

बाईंनी फडकं त्यांच्या हातात दिलं. ते एकेक ताटली चाचपून, दोन्ही बाजूंनी पुसून ओट्यावर ठेवत होते. "बरं केलंस," ते म्हणाले, "त्या खुर्चीचा कंटाळा आला होता मला."

बाईंना रडू फुटलं. यजमानांना काही दिसणार नव्हतं, तरी त्यांनी पाठ फिरवली आणि नळ मोठा सोडला.