चाकांची फळी आणि अण्णांची अंघोळ

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी स्केटबोर्ड शिकायला घेतला. हे आजवर मी फक्त तिघांना सांगितलंय. बायकोला, हाडांच्या डॉक्टरांना आणि माझ्या वडिलांना. पहिल्या दोघांनी कपाळाला हात लावला. वडील हसले. त्यांनीही कपाळाला हात लावला असता तर फार बरं झालं असतं.

आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला राहतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईत एका छापखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले आणि चाळीतली खोली विकून त्यांनी इथे फ्लॅट घेतला. आई त्याआधीच गेली होती. पुढे अण्णांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि त्यांची रोजची अंघोळ माझ्याकडे आली. सुनेच्या हातून अंघोळ त्यांना मरेपर्यंत मंजूर नव्हती. बाहेरचा माणूस तर नाहीच नाही.

ही अंघोळ म्हणजे एक प्रकरण होतं. गीझरचं पाणी त्यांना चालत नसे. त्या पाण्याला 'जीव नाही' असं त्यांचं म्हणणं. मग गॅसवर मोठं पातेलं चढवायचं, कढत पाणी दोन फडक्यांत धरून बाथरूमपर्यंत न्यायचं, गार पाण्याचं विसण घालायचं, अण्णांना काखेत धरून उठवायचं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि पाठीवरून तांब्या तांब्या ओतायचं. अंघोळ झाली की देवपूजा. त्यांच्यासाठी देव्हारा भिंतीवरून काढून स्टुलावर ठेवला होता. कुलदेवीचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि आणखी चार पितळी देव. डाव्या हाताने एकेक देव उचलून ते ताम्हनात ठेवायचे, पाणी घालायचे, पुसायचे, गंध लावायचे. अर्धा-पाऊण तास सहज जायचा. पारोशाने देवाला हात लावायचा नाही आणि देवाला हात लावल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. चहा तेवढा त्यातून सुटला होता, कारण सकाळची गोळी चहाबरोबर असायची.

तेवढ्या वेळात अण्णा आजारी दिसत नसत. एरवी दिवसभर पलंगावर छताकडे बघत पडलेला माणूस देवांपुढे बसला की मला दटावायचा. "अरे, कापूर कुठे ठेवलास? काडेपेटी दमट आणलीस काय?" तो दरारा ऐकून आत स्वयंपाकघरात बायको हसायची.

मी मात्र कंटाळलो होतो. हे लिहायला जड जातंय, पण लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल. पूजा आटोपली की मी ठाण्याच्या बसला पळायचो, वरसाव्याच्या पुलापाशी तासतासभर अडकायचो, ऑफिसात साहेबाची बोलणी खायचो आणि संध्याकाळी परत येऊन अण्णांची कूस बदलायचो. त्यात माझी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मला आनंदच झाला. घराबाहेर पडायला डॉक्टरांचीच चिठ्ठी मिळाली होती.

मिठागरांच्या बाजूला तेव्हा एक नवा काँक्रीटचा रस्ता होऊन पडला होता. पुढे नाल्याचं काम रखडलेलं, त्यामुळे गाड्या नाहीत. सकाळी साडेपाच-सहाला तिथे चालणाऱ्यांची जत्रा असायची. तिथेच चार-पाच तरुण मुलंमुली स्केटबोर्ड घेऊन यायची. त्यांच्यातली एक मुलगी, पंचविशीची असेल, बाकीच्यांना शिकवायची. आठवडाभर मी चालण्याचं निमित्त करून त्यांच्याभोवती घुटमळलो. शेवटी तीच म्हणाली, "अंकल, देखते ही रहोगे या ट्राय भी करोगे?"

तिने माझे दोन्ही हात धरले, मला फळीवर चढवलं आणि चार पावलं पुढे जाऊन सोडून दिलं. मी दहा-बारा फूट गेलो असेन. पायांखाली नुसती घरघर, तोंडावर खाडीचा वारा. तेवढ्या वेळात मला पातेलं आठवलं नाही, गोळ्यांची वेळ आठवली नाही. खाली उतरलो तेव्हा मी मोठ्याने हसत होतो आणि चालणारे आजोबा थांबून बघत होते.

दुसऱ्याच आठवड्यात मी स्वतःचा बोर्ड मागवला. घरी न्यायची हिंमत नव्हती, म्हणून तो त्या मुलीच्याच घरी ठेवला. बायकोला वाटायचं मी चालतोय. साखर कमी आली तेव्हा तिने शेजारणीला सांगितलंसुद्धा, की आमचे हे आता पहाटेचं चालणं एक दिवस चुकवत नाहीत.

त्या मुलीचा पहिला धडा पडण्याचा होता. पडताना हात टेकायचा नाही, अंग गोळा करायचं, खांद्यावर लोळण घ्यायची. ती गवताच्या पट्ट्यावर सगळ्यांना तासन्‌तास पाडायची. "अंकल, पहले गिरना सीखो." मला ते फारच बालिश वाटलं. पडायला काय शिकायचंय? ते तर प्रत्येकाला येतं! शिवाय पांढऱ्या मिशांचा माणूस गवतात लोळतोय हे चालणाऱ्यांच्या जत्रेला दाखवायची माझी तयारी नव्हती. मनगटाला बांधायचे गार्ड तिने सांगितले होते, तेही मी घेतले नाहीत. हेल्मेट स्कूटरचं होतंच. डोकं सांभाळलं की झालं, असा माझा हिशोब.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी जरा जोरात निघालो. पुढच्या चाकाखाली खडीचा एक दाणा आला. बोर्ड जागीच थांबला, मी थांबलो नाही. पडणारा माणूस जे करतो तेच मी केलं. उजवा हात पुढे टेकला. मनगटाचा आवाज मला ऐकू आला.

रिक्षातून त्या मुलीनेच मला इस्पितळात नेलं. बोर्ड तिच्या मांडीवर होता. "हा तू ठेव, मला परत दाखवू नकोस," असं मी तिला म्हणालो. बायको धावत आली, तिला सगळं सांगितलं. ती फक्त एवढं म्हणाली, "अण्णा सातपासून अंघोळीसाठी बसून आहेत."

डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं. दुपारी घरी आलो. अण्णा पलंगावर बसले होते. अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून जेवण नाही. प्लास्टर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झाला रे हाताला?"

"बाथरूममध्ये पाय घसरला."

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण थाप मारणाऱ्याला आपलं सांगणं समोरच्याला पटलं नाही असं वाटत राहतं, मग तो त्याला तिखटमीठ लावतो. मी लावलं. "तुम्ही झोपेत होतात. आज लवकर आटपावं म्हणून तुमच्या अंघोळीचं पाणी नेत होतो ना, पातेलं हातात होतं, फरशी ओली." सोसायटीत, ऑफिसातही मी हेच सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाने बाथरूममध्ये पडणं हे कसं अब्रूदार असतं. कुणी हसत नाही, उलट सगळे आपापल्या बाथरूमच्या गोष्टी सांगतात.

अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "माझ्या पाण्यापायी हात मोडलास तू." मी म्हटलं, "छे हो, त्यात काय."

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णसेवेच्या ब्युरोतून माणूस बोलावला. अण्णा त्याला म्हणाले, "अंघोळ नको. ओल्या फडक्याने पूस." मला वाटलं, बाहेरच्या माणसापुढे संकोच असेल. पुसून झाल्यावर मी स्टूल पुढे सरकवलं, तर त्यांनी मान हलवली. "मी पारोसा आहे. देवांना तूच पाणी घाल." मग त्यांनी ताट मागितलं आणि देवांना हात न लावता जेवले. अर्धांग झालं त्याच्या चौथ्या दिवशी इस्पितळातसुद्धा त्यांनी घास घेण्याआधी उशाखालच्या तसबिरीला बोटं लावली होती. आणि त्या दिवशी ते माझ्यासमोर मुकाट वरणभात जेवले.

पूजा मी करू लागलो. एका हाताने, तोही डावा, म्हणजे अगदी अण्णांसारखाच. पण माझ्या हातून देव निसटायचे, गंध ओघळायचं. आधीचे अण्णा असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा अन्नपूर्णा माझ्या हातातून खाली पडून घरंगळत पलंगाखाली गेली. तेव्हाही ते काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

बायको रोज म्हणायची, "सांगून टाका. म्हाताऱ्या माणसाचा जीव किती खाल?" मी उद्या उद्या करत राहिलो. लाज बोर्डाची नव्हती. लाज याची होती, की रोज पहाटे मी त्यांच्यापासूनच पळून जात होतो, आणि खरं सांगायचं तर तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मूग गिळून बसलो.

प्लास्टर निघालं. मनगट पूर्ण वळेना, आजही वळत नाही, पण ब्युरोच्या माणसाच्या मदतीने अंघोळ घालण्याइतपत ताकद आली होती. पहिल्याच दिवशी मी पातेलं चढवलं आणि अण्णांना म्हटलं, "चला." त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. "नको. एकदा तुझा हात घेतलान त्या पाण्याने. आता पुरे झाला." मी विनवण्या केल्या, रागावलो, पाणी गार झालं. मग मी ते मोरीत ओतून दिलं.

मार्चमध्ये एका रविवारी दुपारी अण्णांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. मी शेजारी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नवा रस्ता, ती मुलगी, बोर्ड, खडी. बाथरूममध्ये मी पडलोच नव्हतो, तुमचं पाणी तेव्हा गॅसवर चढलंसुद्धा नव्हतं. आणि मला सकाळी घरातून पळावंसं वाटायचं, हेही सांगितलं.

अण्णा ऐकत होते. मग हसायला लागले. कित्येक महिन्यांनी हसले. वाकड्या ओठातून लाळ आली, ती मी पुसली.

"फळीवर? चाकांच्या?"

"हो."

"तू? अरे, सायकलवर बसवला तर भोकाड पसरायचास तू. दहावीत गेलास तरी येत नव्हती."

मी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "खरंच आहे अण्णा. मीच गेले होते ना इस्पितळात. ती मुलगी पण होती तिथे." अण्णांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोघांनी मिळून ठरवलात होय?" म्हणाले. मग डावा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. "माझ्या मनाला लागू नये म्हणून एवढा रचलास? बाबू, तुला खोटा बोलताच येत नाही."

बोर्ड आणून दाखवावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे मिठागरांकडे गेलो. रस्ता वाहतुकीला सुरू झाला होता, डंपर जात होते. ती मुलंमुली कुठे गेली हे कुणालाच सांगता येईना. तिचा फोन लागला नाही. तिच्या बिल्डिंगच्या वॉचमनने सांगितलं की ते भाडेकरू फेब्रुवारीतच खोली सोडून गेले. दुसरा बोर्ड विकत आणला असता, तर अण्णा म्हणाले असते, बघा, थापेसाठी सामानही आणलान.

त्यानंतर मी आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते मायेने हसले आणि अंघोळ नको म्हणाले. आपल्यामुळे मुलाचा हात गेला, ही त्यांची खात्री आता अधिकच पक्की झाली होती. जो मुलगा बापाला बरं वाटावं म्हणून इतकं खोटं बोलतो, त्याला पुन्हा पाणी उचलायला लावायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

श्रावणात अण्णा गेले. डिसेंबरपासून त्या दिवसापर्यंत त्यांनी एकदाही देवांना हात लावला नाही.

तेराव्याला गावाहून आत्या आली होती, अण्णांची धाकटी बहीण. अण्णा तिच्याशी फोनवर बोलायचे. पंगत बसली होती, सगळे नातेवाईक, सोसायटीतली माणसं. आत्याने माझा उजवा हात धरून वर उचलला आणि सगळ्यांना दाखवला. "दादाच्या पाण्यापायी हात मोडून घेतलान याने. आणि दादाला वाईट वाटू नये म्हणून काय तर म्हणे, फळीवरून पडलो! दादा मला सांगता सांगता रडायचा. म्हणायचा, असा पोरगा कुणाला मिळत नाही."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. समोरच्या पानावरचे एक काका उठून माझ्या पाठीवर थोपटून गेले. बायको दारात भाताची परात घेऊन उभी होती, ती माझ्याकडे बघत होती. मी आत्याच्या हातातून हात सोडवून घेतला, बायकोकडून परात घेतली आणि वाढायला लागलो.