सवण्यावरची फरशी

सकाळ जरा वर आली, की आमच्या मधल्या खोलीत छपरातून उन्हाचा एक गोल तुकडा उतरतो. आधी भिंतीवर, मग उतरंडीच्या गाडग्यांवर, आणि ऊन जरा चढलं की शेणानं सारवलेल्या जमिनीवर. भाकरीएवढा, कडेला किंचित विरलेला, तळव्यावर घेतला तर कोवळ्या मांजरासारखा उबदार. मुरूम गावातल्या आमच्या या माळवदाच्या घराला मधल्या खोलीत खिडकी नाही. उजेडानं खाली यावं आणि धुरानं वर जावं म्हणून माळवदाला एक वीतभर भोक ठेवलेलं आहे. आमच्याकडं त्याला सवणं म्हणतात.

तुम्ही हसाल, हसाच. पण चाळिशी ओलांडलेला, वर्गात आवाज चढवला की पिंपळावरची पाखरं उडवणारा मी मास्तर, ढगाळ दिवशी तो उन्हाचा तुकडा दिसला नाही की हातातला चहाचा पेला खाली ठेवतो. शिडीला हात घालतो. माळवदावर जाऊन सवणं उघडं आहे ना, हे डोळ्यांनी पाहतो आणि मगच उरलेला गार चहा पितो. माणूस वाघाला भितो, सापाला भितो, साहेबाला तर भितोच. पण झाकलेल्या भोकाला भिणारा प्राणी तुम्ही दुसरा पाहिला आहे काय?

या भीतीचं मूळ माझ्या पराक्रमात आहे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती, गावोगाव नव्या योजनांचं वारं वाहत होतं. एके दिवशी ग्रामसेवकानं आमच्या शाळेच्या पटांगणात बिनधुराची चूल मांडून दाखवली. निम्म्या सरपणात सारा स्वयंपाक! वर तो म्हणाला, घरातली ऊब बाहेर जाते म्हणजे तुमचं सरपणच बाहेर जातं. हे वाक्य माझ्या कानातून शिरलं ते थेट मस्तकात जाऊन सिंहासनावर बसलं. सुमती, म्हणजे माझी पत्नी, तेव्हा गरोदर होती. पगार होता तेवढाच राहणार होता आणि घरात एक तोंड वाढणार होतं. मी काटकसरीची दीक्षा घेतली.

आणि काय सांगू, यश येत गेलं! नवी चूल घातली. भिंतींना पांढराशुभ्र चुना दिला, तेव्हा दोन कंदिलांचं काम एका कंदिलावर भागलं. एका लाकडी पेटीत कडब्याची कुटी ठासून भरली. अर्धवट शिजलेल्या डाळीचं पातेलं तिच्या पोटात पुरून ठेवायचं, झाकण लावायचं, की शाळेतून परत येईतो डाळ आपोआप मेणासारखी मऊ. चूल थंड, तुराट्यांची मोळी शाबूत! विझवलेला एकेक कोळसा वेचून मडक्यात झाकून ठेवायची सवय मी सुमतीला लावली. गल्लीतली माणसं म्हणू लागली, गुरुजी झोपेतसुद्धा श्वास जपून सोडतात. मी त्या थट्टेनं फुशारून जात असे. त्या थट्टेत पुढची भयंकर गोष्ट बीजासारखी निजली होती, हे कुणाला ठाऊक होतं?

सुमतीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. मदतीला सोनारीहून माझी आत्या आली. मार्गशीर्षातली थंडी होती. मुलगी झाली. मधल्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली रिवाजाप्रमाणं निखाऱ्यांची शेगडी आली. आणि माझ्या लक्षात आलं, की ती शेगडी दिवसातून चार वेळा भरावी लागते! ऊब जाते कुठं? मी मान वर केली. सवणं माझ्याकडं पाहत होतं.

दुसऱ्या दिवशी शाबादी फरशीचा तुकडा माळवदावर नेला, भोकावर ठेवला आणि कडेनं चिखल लिंपला. नुसता चिखल नव्हे, भिंतींचा उरलेला चुना त्यात कालवला. दर वर्षी पुन्हा खटाटोप नको! दाराच्या फटीसाठी जुन्या लुगड्याची वळकटी केली. एरवी माझ्या प्रत्येक उद्योगाला नाक मुरडणारी आत्या त्या दिवशी चक्क प्रसन्न झाली. बाळंतिणीला वारं लागू नये ही तिची जन्माची धास्ती. तिला वाऱ्याची भीती, मला खर्चाची. दोन भीतींनी संगनमत केलं आणि त्या खोलीचा श्वास बंद झाला. आणि शेगडी? एकदा भरली की दुपारपर्यंत पुरू लागली. मी विजयी वीरासारखा मिशीवर हात फिरवला.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी सुईण शिवाक्का येऊन दोघींना न्हाऊ घालून गेली. सुमती बाळाला कुशीत घेऊन निजली. दुपारी मी दार किलकिलं करून पाहिलं. पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही, पण पाहायला बंदी नव्हती. सुमतीच्या फिकुटल्या गालांवर लाली चढली होती, डाळिंबासारखी! केवढा आनंद झाला मला. ऊब मानवली म्हणायची. मी हलकेच दार लोटलं आणि वळकटी पायानं पुन्हा फटीशी नीट सारली. ती पायाची हालचाल मला अजून आठवते. दुसरं सगळं विसरता येईल, ती नाही.

बाळ रडेना. आत्या म्हणाली, पोर गुणाची निपजली. मीही म्हणालो, बापावर गेली, आवाजाचीसुद्धा काटकसर. आम्ही दोघं हसलो. दारापलीकडं काय चाललं होतं आणि आम्ही हसलो!

कलत्या उन्हात शिवाक्का बाळाला शेकायला परत आली. ओसरीवर टेकता टेकता तिनं विचारलं, "लेकरू कवापास्नं रडलं न्हाय?"

आत्यानं कौतुकानं सांगितलं, न्हाऊन निजलंय ते निजलंयच. शिवाक्का टेकलीच नाही. दार ढकलून आत गेली, वर पाहिलं, आणि आतूनच तिचा आवाज आला. तो जराही चढलेला नव्हता. "गुरुजी, सवणं कुणी मुजवलं? वर जावा. आधी ते फोडा."

मी शिडी चढलो की उडालो, सांगता येणार नाही. फरशीला नखं लावली. हलेना. चुना कसा झकास धरला होता! आयुष्यात एवढं पक्कं काम मी दुसरं केलेलं नाही. बोटांतून रक्त आलं, फरशी जागची हलली नाही. खाली सुमतीला गोधडीसकट बाहेर ओढलं जात होतं, ती फरफट ऐकू येत होती आणि बाळाचा आवाज येत नव्हता. जगातली सगळी शांतता त्या दगडाखाली कोंडली आहे असं वाटलं. कठड्याचा एक सुटा दगड उचलून मी घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला फरशी दुभंगून आत कोसळली. आणि मग मनात आलं, खाली त्या दोघी असत्या तर? वाकून पाहिलं. बाज रिकामी होती. तिच्यावर फरशीचे तुकडे, आणि बाजेखाली नवी हवा लागून निखारे एकदम फुललेले, लालभडक.

तसाच कठड्याशी धावलो. खाली अंगणात सुमती आडवी होती, आत्या तिच्या तोंडावर पाणी मारत होती. शिवाक्कानं बाळाला पालथं धरून तळपायांवर टिचक्या मारायला सुरुवात केली होती. एक, दोन, तीन... मी मोजत होतो. मोजण्याची माझी खोड त्या घटकेलाही सुटली नव्हती! कितव्या टिचकीला ते रडलं, ते मात्र आठवत नाही. आधी मांजराच्या पिलासारखा एक बारीक सूर, आणि मग असा टाहो, की शेजारची माणसं दारात आली. उधळपट्टीचा, बेहिशेबी टाहो. तसा सूर मी पुन्हा कुठल्या मैफलीत ऐकला नाही.

सुमतीला ओकारी झाली, तिनं डोळे उघडले. मी शिडीवरून घसरत तिच्यापाशी पोहोचलो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओठ हलवले. मी कान लावला.

"शेगडी झाकली का हो?" ती म्हणाली. "कोळसे वाया जातील."

कोंडलेल्या निखाऱ्यांच्या विषारी हवेनं त्यानंतर आठवडाभर तिचं डोकं दुखत राहिलं. शिवाक्का त्याच संध्याकाळी जाताना बोलली, "डाळ कोंडून शिजती गुरुजी, माणूस न्हाय." आत्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती, आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

तुम्हाला वाटेल, मी काटकसर सोडली असेल. छे! ती चूल आहे, पेटी आहे, भिंतींचा चुना दर दिवाळीला नवा होतो. गावात वीज आली तेव्हा एकच दिवा दोन खोल्यांना पुरावा म्हणून मी मधल्या भिंतीला झरोका पाडला. मात्र काय राखायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे ठरवताना आता हात थोडा थरथरतो. तो थरथरतो तेच बरं. ज्या दिवशी माझा हात अजिबात थरथरला नाही, त्या दिवशी मी चुना कालवला होता.

ते बाळ, आमची उषा, आता चौथीत आहे. थंडीच्या दिवसांत ती त्या उन्हाच्या तुकड्यात पाय ठेवून पाढे पाठ करते आणि ऊन सरकलं की स्वतःही सरकते. परवा तिनं कुडकुडत वर पाहिलं आणि माझंच शहाणपण मला ऐकवलं, "अण्णा, सगळी ऊब वर चाललीय. झाका की ते."

सुमती चुलीपाशी होती. तिचा भाकरी थापणारा हात क्षणभर थांबला. मी खुंटीवरची घोंगडी काढून पोरीच्या अंगावर टाकली आणि म्हणालो, जाऊ दे. मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. उन्हाचा तुकडा उषाच्या पावलांवरून निसटून बोटभर पुढं गेला होता. ती पाढा म्हणत त्याच्या मागोमाग सरकली, तिच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि मी ती वाफ सवण्यातून बाहेर जाईपर्यंत पाहत राहिलो.