करसवलतीतल्या सासूबाई

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडण्याची एक ठरलेली पद्धत आहे. सभेत कुणीतरी एक नाव सुचवतं. ज्याचं नाव सुचवलं तो खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करत म्हणतो, "छे छे, मी कसला? दुसऱ्या कुणाला तरी करा." लोक पुन्हा आग्रह करतात, तो पुन्हा नको म्हणतो. तिसऱ्या आग्रहाला मात्र "आता तुम्ही ऐकतच नाही तर" असं म्हणत उठतो, खिशातून आधीच लिहून आणलेलं आभाराचं भाषण काढतो आणि निवडणूक बिनविरोध पार पडते. मग सगळे वडापाव खायला उठतात.

त्या वर्षी घोटाळा झाला. जुरोंग ईस्ट भागातल्या पोहण्याच्या तलाववाल्या कॉन्डोत राहणारे एक बँकवाले गृहस्थ दोनदा नको म्हणून झाले होते आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होते. मधल्या शांततेत कुणीतरी सहज, केवळ सौजन्य म्हणून, माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. नवरा पहिल्याच फटक्यात "बरं" म्हणाला.

सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू त्यानं स्टेजवर चप्पल घालून आरती केली होती. बँकवाल्यांचं भाषण खिशातच राहिलं. त्यांनी ते बाहेर काढलंच नाही, पण माघारही घेतली नाही. अशा रीतीने मंडळाच्या इतिहासातली पहिली खरीखुरी निवडणूक जाहीर झाली आणि माझ्या घरात एक उमेदवार राहायला आला.

या उमेदवाराची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा दीड वर्षापासून आमच्याकडे वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये होत्या. अकोल्याला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं त्यांचा स्वतःचा तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि कोपऱ्यावर बौद्ध विहार आहे. आषाढी पौर्णिमेला सुरू होणाऱ्या वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि गेली कित्येक वर्षं ते वाचन आई करत होत्या. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. इंजेक्शन द्यायची सवय असल्यामुळे थांबायचं कुठं तेही बरोबर कळतं. मागच्या वर्षीचा वर्षावास त्यांचा इथंच गेला. त्यांच्या जागी जी बाई वाचत होती ती एका ओळीत तीनदा चष्मा पुसते, असं त्यांच्या मैत्रिणींनी फोनवर कळवलं होतं. या वर्षीची आषाढी पौर्णिमा दोन महिन्यांवर आली होती आणि आईंना काहीही करून त्याआधी घरी पोचायचं होतं. त्यांचं मागणं एवढंच होतं.

"जाशील गं आई," असं उमेदवार महिन्यातून दोनदा म्हणायचा. आधी नातीची सहावीची परीक्षा होती. मग त्याचा स्वतःचा प्रोजेक्ट होता. मग विमानभाडं महाग होतं. आता निवडणूक आली.

"निवडणूक झाली की लगेच," तो म्हणाला.

"तुह्या निवडणुकीत मी काय करू बाप्पा?" आईंनी विचारलं.

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. प्रचाराची रणनीती ठरवायला आमच्या जेवणाच्या टेबलावर एक समिती बसली. त्यात उमेदवार, त्याचे दोन मित्र आणि मी. मी सल्लागार होते, म्हणजे चहा करत होते. समितीला लवकरच कळलं की आमच्या उमेदवाराकडे सांगण्यासारखं काही नाही. मंडळाचे कार्यक्रम ठरलेले, हॉल ठरलेला, वडापाववालाही ठरलेला. मग एका मित्राला मुद्दा सुचला: बँकवाल्यांची आई पुण्याला ज्येष्ठांच्या निवासात राहते आणि आपल्या उमेदवाराची आई आपल्या उमेदवाराच्या घरात राहते. तिघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडताना ते समोरच उभे होते.

वास्तविक बँकवाल्यांच्या आईनं ते निवास स्वतः हिंडून, चार ठिकाणं बघून पसंत केलं होतं. तिथं त्या कॅरम खेळतात आणि जिंकतात, हे सगळ्या मंडळाला फोटोसकट माहीत होतं. पण निवडणुकीत वास्तविकला कोण विचारतं? घोषवाक्य ठरलं: 'आई-बाबा आपल्या घरात'. दर महिन्याला ज्येष्ठांचा मेळावा, ज्येष्ठांसाठी सहल, ज्येष्ठांसाठी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुप तर त्याच संध्याकाळी निघाला. आई त्यात चौथ्या सदस्य होत्या. पत्रकावर उमेदवाराचा आईबरोबरचा फोटो छापला. फोटोसाठी आईंना पांढरी साडी नेसायला सांगितलं आणि त्या नेसल्या. फोटोत त्या सरळ कॅमेऱ्याकडे बघताहेत, रक्तदाब मोजताना पेशंटकडे बघावं तशा.

पण पत्रक कुणीही छापतं. पुरावा हवा. दुसऱ्या मित्राला बातम्या बघण्याचं व्यसन होतं. तो म्हणाला, मोठमोठ्या देशांत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना लोक आयकराची कागदपत्रं मागतात. दाखवली तर पारदर्शक, नाही दाखवली तर काळंबेरं. आपण न मागताच दाखवू. समोरच्याची पंचाईत होईल.

मी म्हटलं, "ज्या मंडळाच्या अध्यक्षाचा सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे माइक चालू आहे का ते विचारणं, त्याला आयकर कशाला?"

"तुला राजकारण कळत नाही," उमेदवार म्हणाला. ज्याचं राजकारण अकरा दिवसांचं होतं असा हा माणूस.

इथं पगारदार माणसाचा कर हा काही लफड्याचा विषय नाही. पगाराचे आकडे कंपनीकडून आपोआप येऊन बसतात. आपण फक्त सवलती मागायच्या, आणि मग कर खात्याकडून एक पानी हिशोब येतो. आमच्या घरात फॉर्म भरण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. नवरा मोठ्या सर्व्हरांची देखभाल करतो, पण फॉर्म म्हटला की त्याला डुलकी येते. तेव्हा त्याच्या त्या पानावरची प्रत्येक सवलत मीच मागितलेली होती. एक कमावत्या माणसाची, एक मुलीची, आणि एक आपल्या घरात राहणाऱ्या आईची.

या तिसऱ्या ओळीवर समितीचे डोळे चमकले. आई घरात सांभाळली जाते याचा थेट सरकारी पुरावा! बँकवाल्यांच्या कागदावर ही ओळ असणं शक्यच नव्हतं.

पुढचे दोन दिवस उमेदवार लॅपटॉपवर त्या पानावर काळ्या पट्ट्या मारत बसला. पत्ता झाकला, ओळखक्रमांक झाकला, मुलीचं नाव झाकलं. वर्षाच्या उत्पन्नाची ओळ मात्र झाकायची राहून गेली. चुकून. इतक्या काळजीपूर्वक झालेली चूक मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. बदलापूरच्या आतेभावापर्यंत ती चूक दुसऱ्याच दिवशी पोचली. आणि आईच्या सवलतीच्या ओळीभोवती उमेदवारानं एक जाड लाल गोल काढला, पान मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि उत्साहाच्या भरात ज्येष्ठांच्या ग्रुपवरही टाकलं.

"पप्पा, सो एम्बॅरसिंग ला," आमची कन्या इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. घरातलं तेवढं एकच मत तटस्थ होतं.

आईंनी ते पान बघितलं. मी ऑफिसला निघताना त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. घाईत होते. बुओना व्हिस्टाला पोचायला तास लागतो आणि नऊची मीटिंग होती. पण खरं सांगायचं तर घाई नसती तरी मी तितक्याच घाईत सांगितलं असतं. आई म्हणाल्या, "असं होय." आणि पुढची बनियन झटकली.

मतदान एका रविवारी सकाळी होतं. त्याआधी दोन्ही उमेदवारांची भाषणं आणि प्रश्नोत्तरं, जुरोंग ईस्टमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये. पहिल्या रांगेत ज्येष्ठांना बसवलं होतं, आमच्याच समितीच्या सूचनेवरून. बँकवाले थोडक्यात बोलले. आपल्या करकागदाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं की तो त्यांच्या कपाटात आहे आणि तिथंच बरा आहे. मग आमचे उमेदवार उठले. आई, आईची माया, परदेशात आईचा हात, असं सगळं बोलले. मधे एकदा त्याचा गळाही दाटून आला. तो खरोखरच दाटला होता, हे मी बायको म्हणून सांगते. आपल्या बोलण्यावर विश्वास बसण्याचा त्याला जुना आजार आहे.

प्रश्नोत्तरांत सूत्रसंचालक म्हणाले, "आता ज्येष्ठांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

आई उठल्या. माइक हातात घेतला, त्यावर एकदा टिचकी मारली.

"मले उमेदवाराले एक विचारायचं आहे," त्या म्हणाल्या. "ग्रुपवर तुम्ही जो कागद टाकला, त्याच्यावर लाल गोल आहे. त्या गोलात मीच आहो ना?"

लोक हसले. उमेदवारही हसला. "हो आई, तूच."

"म्हणजे मी इथं राहिली तर तुम्हाले कर कमी लागते."

"हो, म्हणजे... सरकारच तशी सवलत देतं. घरात आई असली तर."

"बरोबर. आता मले हे सांगा, की मले इथं राहायचं होतं काय, असं विचारल्याची ओळ त्या कागदावर कुठं आहे?"

उमेदवार हातातला भाषणाचा कागद उलटून बघायला लागला. आईंचा आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. मला वाटत होतं की आता त्या माझ्याकडे वळतील. त्या वळल्या नाहीत. माइक परत दिला, साडी सावरली आणि खाली बसल्या.

आणि मग टाळ्या वाजल्या. आधी एक, मग दहा, मग सगळ्या हॉलभर. लोकांना वाटलं, हे बसवलेलं आहे! आईनंच मुलाची उलटतपासणी घ्यायची, केवढी कल्पक योजना! शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी माझा हात दाबून म्हटलं, "कित्ती सुंदर लिहून दिलंस गं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं." मी त्यांना "थँक्यू" म्हटलं. खरंच म्हटलं. अजून मला त्याची लाज वाटते.

आमचे उमेदवार भरघोस मतांनी निवडून आले. बँकवाल्यांनी स्वतः येऊन हात मिळवला आणि म्हणाले, "प्रचार असा असावा." नवरा हसत होता, पण मी त्याला ओळखते. त्याचं हसू दातांपर्यंतच होतं. तो आईंकडे बघत नव्हता.

संध्याकाळी घरी अभिनंदनाचे मेसेज येत होते आणि नवे अध्यक्ष सोफ्यावर बसून प्रत्येकाला हात जोडलेल्या चित्राचं उत्तर पाठवत होते. आई माझ्या खोलीच्या दारात आल्या.

"माहा पासपोर्ट दे," त्या म्हणाल्या.

घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असतात. एका निळ्या पाउचमध्ये. मी तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. पासपोर्टच्या मागं त्यांचं इथं राहण्याच्या पासचं कार्ड होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. आपला पास याच महिन्यात संपतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या वर्षीचं कॅलेंडर आलं तेव्हाच त्यावर त्यांनी तशी खूण केली होती. तो संपला की कुणालाच थांबवता येणार नाही, असा त्यांचा साधा सरळ हिशोब असावा. कार्डावरची तारीख मात्र पुढच्या वर्षाची होती.

"हा कधी वाढवला?"

"मागच्या महिन्यात."

"त्यानं सांगितलं तुले?"

नवऱ्याचं नाव पुढे करणं किती सोपं होतं. आज सकाळपासून सगळं त्याच्याच माथी बसलं होतं, त्यात आणखी एक बसलं असतं तर त्याला कळलंही नसतं. पण त्याला पास कधी संपतो हेच माहीत नव्हतं. मी संध्याकाळी सातला घरी येते तेव्हा पोळ्या झालेल्या असतात, मुलगी शाळेतून आल्यावर तिला दार उघडायला कुणीतरी असतं, आणि मला ऑफिसातून एकदाही घड्याळाकडे बघावं लागत नाही. आई गेल्या असत्या तर हे सगळं गेलं असतं. ही गरज कुठल्या फॉर्ममध्ये भरता येत नाही, म्हणून मी दुसरा फॉर्म भरला होता.

"नाही," मी म्हटलं. "मीच वाढवला."

आईंनी कार्ड पुन्हा पासपोर्टमध्ये ठेवलं. बाहेर अध्यक्षांचा फोन वाजत होता.

"मले विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच नाही विचारलं, आई."