समासातल्या शंका

आमच्या छापखान्यात प्रूफं तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे शंकासुर म्हणतात. मी शेजारच्या टेबलावर अक्षरजुळणी करते, त्यामुळे त्यांच्या शंकांचा निम्मा ताप माझ्याच डोक्याला. छापील मजकूर समोर आला की त्यांची पेन्सिल समासात काहीतरी विचारणारच. साध्या लग्नपत्रिकेचीही सुटका नाही.

देवाधर्माशी त्यांचा छत्तीसचा आकडा. अकरा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा त्यांनी कसलाही विधी केला नाही आणि नातेवाइकांची बोलणी मुकाट्यानं खाल्ली. अशा माणसाचा जीव जडावा कशावर, तर मास्तरांच्या कादंबऱ्यांवर. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, प्रार्थनेशिवाय कागदाला हात न लावणारे. दूरच्या ताऱ्याकडे निघालेल्या एका यानाची त्यांची मालिका आम्हीच छापतो. यानात पिढ्यान्‌पिढ्या माणसं जन्मतात, मरतात. प्रवास संपेल तिथे आपली गेलेली माणसं भेटतील, एवढ्याच भरवशावर दिवस काढतात.

"तुम्हाला पटतं हे?" मी एकदा चिडवलं.

"काडीचंही नाही," ते म्हणाले. "पण मास्तरांना पटतं ना. त्यांचं वाचताना तेवढ्यापुरतं वाटतं, आमची ही भेटेल."

मी पुन्हा जुळणीला लागले.

यंदा सातव्या, शेवटच्या भागाची प्रूफं आली. अखेरच्या प्रकरणात यान पोहोचतं, दार उघडतं आणि बाहेर सगळी गेलेली माणसं उभी असतात. शंकासुरांनी ते तीनदा वाचलं. जेवणाचा डबा तसाच राहिला. डोळे पुसत त्यांनी प्रूफं मास्तरांकडे पाठवली.

पंधरा दिवसांनी दुरुस्त प्रूफं आली, त्यात ते प्रकरणच नव्हतं. यान ओसाड ग्रहावर उतरतं, की संपलं. सोबत जुनं पान जोडलेलं. त्याच्या समासात शंकासुरांचं अक्षर होतं: 'मेलेली माणसं इथे कशी? खुलासा करावा.' त्याखाली मास्तरांचं: 'खुलासा नाही. प्रकरण वगळावे.'

शंकासुरांचा चेहरा उतरला. आपण हे कधी लिहिलं, त्यांना आठवेना. त्यांनी तिथूनच फोन लावला. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं.

"मास्तर, ती शंका खोडून टाका. हाताच्या सवयीनं लिहिली गेली."

"एकोणीस वर्षं तुमच्या शंकांना उत्तरं देतोय," मास्तर म्हणाले. "प्रार्थनेला बसलो की उत्तर मिळायचं. या वेळी रोज बसलो. पलीकडे कोणी नाहीच हो."

शंकासुरांनी फोन ठेवला. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

"जुनी फाइल आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "तुमच्यापुरती एक प्रत काढून देते."

"नको," ते म्हणाले. "आमच्या दोघांत विश्वास ठेवणारे ते एकटेच होते. त्यांचाही मी घालवला. आता ते वाचून मला कोण भेटणार?"