गेल्या वर्षीचाच शेरा

आमच्या ऑफिसात माणसाचं वर्षभराचं मोल चार ओळींत होतं, आणि त्या चार ओळी अकरा वर्षं मी लिहीत आले. माझं ते काम नव्हे. माझं काम पंपांचं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाखेत पंप विकतात आणि विकल्यावर बिघडले की दुरुस्त करून देतात. दिवा गावातल्या सोसायटीचा पंप जळला, डोंबिवलीतल्या केमिकल युनिटचा गळायला लागला, की फोन माझ्या टेबलावर. मी तक्रार घेते, मेकॅनिक पाठवते, पार्ट नसेल तर कुठून तरी पैदा करते आणि मधल्या वेळात शिव्या खाते. शेवटचं सोडून सगळं नेमणूकपत्रात आहे.

शेरे माझ्या गळ्यात पडले ते साहेबांमुळे. साहेब म्हणजे आमचे ब्रँच मॅनेजर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटणार आहे. त्यांना फक्त लिहायचा कंटाळा. दर मार्चअखेर पुण्याचं हेड ऑफिस प्रत्येकाच्या कामाबद्दल शेरा मागवायचं. मग साहेब मला केबिनमध्ये बोलवायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, तुमचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे. जरा बघा ना."

पहिल्या वर्षी त्यांनी निदान तोंडी सांगितलं. पुरुषांचं सांगताना ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे. हा धडाडीचा आहे. तो रोखठोक आहे, जरा तापट आहे पण काम काढून घेतो. अमुक एक आज ना उद्या मोठा होणार. बायकांचं आलं की पाठ मागे टेकायची आणि नजर पंख्याकडे जायची. "हसतमुख आहेत, असं टाका. सगळ्यांना सांभाळून घेतात. आणि ते... थोड्या मनाला लावून घेतात. घरच्या जबाबदाऱ्या असतातच, नाही का?" मी ते सगळं गुळगुळीत इंग्रजीत बसवलं. साहेबांनी न वाचता सही केली.

दुसऱ्या वर्षापासून चहा तेवढा राहिला. "गेल्या वर्षीचंच टाका," एवढंच ते म्हणायचे. नवीन मुलगा आला की जुन्या कुठल्यातरी मुलाचा शेरा त्याला, नवीन मुलगी आली की जुन्या कुठल्यातरी बाईचा तिला. रेशनच्या साडीसारखा एकच नमुना, घ्या आणि गुंडाळा. मला राग यायचा का? यायचा ना. पण मला वाटायचं, शेरा कोण वाचतं? आकडे बोलतात. कुणी किती तक्रारी निपटल्या हे सिस्टिममधून थेट पुण्याला जायचं, आणि त्या आकड्यांत मी पाच वर्षं सगळ्यांच्या वर होते. अशी मी शहाणी.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो. माझ्यानंतर पाच वर्षांनी लागला. एकदा एका युनिटच्या प्लँट मॅनेजरने फोनवर त्याला अद्वातद्वा सुनावलं, तेव्हा हा त्याच्यावर असा कडाडला की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "बरोबर आहे, या लोकांना असंच सांगावं लागतं." पंधरा दिवसांनी तोच प्लँट मॅनेजर माझ्या वाट्याला आला. मी आवाज न चढवता सांगितलं, "साहेब, सील तुमच्या माणसांनी उलटं बसवलंय, फोटो पाठवलाय, बघा आणि मग बोला." त्याने "बघतो" म्हणून फोन ठेवला. आमचे साहेब मात्र बाहेर येऊन विचारतात, "मॅडम, आज काही टेन्शन आहे का? घरी सगळं ठीक ना?" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

गेल्या वर्षी आमचे सर्व्हिस इन्चार्ज रिटायर झाले. जागा एक आणि हक्काचे दोन, मी आणि तो. पुण्याहून मेल आला की या वेळी आकडे आणि शेरा दोन्ही बघून निर्णय होईल. मला ती जागा हवी होती. उगीच "नशिबात असेल ते" वगैरे म्हणणारी मी नाही. मला ती खुर्ची हवी होती आणि तिच्यावर बसून दोन प्लँट मॅनेजरांना सरळ करायचं होतं.

आणि त्याच वर्षी मी घोळ घातला. शेऱ्यांची एक्सेल शीट साधी असते. एका रकान्यात नावं, शेजारच्या रकान्यात शेरे. शेवटच्या दिवशी पुण्याहून फोन आला की नावं एबीसीडीप्रमाणे लावून पाठवा. एका कानाला टिटवाळ्याच्या बिल्डरचा फोन, त्याच्या तिन्ही इमारतींचं पाणी बंद, आणि दुसऱ्या हातात माउस. मी नावांचा रकाना निवडला. एक्सेलने बिचाऱ्याने विचारलंसुद्धा, की बाई, शेजारचा रकानाही बरोबर हलवायचा का? मी घाईत "नाही" दाबलं. नावं खालीवर झाली, शेरे जागच्या जागी बसून राहिले. साहेबांनी न वाचता पुढे पाठवलं. अकरा वर्षांची पद्धतच ती.

महिन्याभराने पत्रं आली. माझ्या पत्रात पहिल्याच ओळीत माझी सर्व्हिस इन्चार्ज म्हणून नेमणूक केली होती. खाली शेरा: रोखठोक, दबावाखाली डगमगत नाही, निर्णय चटकन घेते, नेतृत्वासाठी तयार. मी ते चार वेळा वाचलं. माझ्याबद्दल कुणी असं लिहिल्याचं मला आठवत नव्हतं, आणि आठवणार कसं, लिहिणारी मीच होते! पण खरं सांगते, त्या क्षणी काही म्हणजे काही शंका आली नाही. वाटलं, पुण्यात कुणीतरी आकडे बघून मला ओळखलं. साहेब तर केबिनमधून हात पुढे करूनच आले. "मीच रेकमेंड केलं होतं तुम्हाला. म्हटलं, मॅडमना पर्याय नाही."

मी डोंबिवलीला घरी पेढे घेऊन गेले. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी फळा आहे. त्यावर सेक्रेटरीकाका पाण्याच्या वेळा, वर्गणी आणि दहावीचे टक्के लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर होतं: "दुसऱ्या मजल्यावरील वहिनींची सर्व्हिस इन्चार्जपदी बढती. हार्दिक अभिनंदन. उद्या पाणी फक्त एक तास." नवरा म्हणाला, "अगं, फोटो काढू का?" मी म्हटलं, काढ.

ऑफिसात गेले तर शेजारच्या टेबलावर शिमगा चालू. तो आपलं पत्र सगळ्यांना दाखवत सुटला होता. "हे वाचा! 'हसतमुख. सर्वांना सांभाळून घेतो. ऑफिसातले वाढदिवस उत्साहाने साजरे करतो. टीका थोडी मनाला लावून घेतो. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे उशिरापर्यंत थांबण्यास मर्यादा.' अरे, ही काय थट्टा आहे? मी काय गौरी-गणपतीला आलेली पाहुणी आहे? याच्यावर माझं प्रमोशन अडवलं?" स्टोअरच्या माणसाला "नीटनेटकी राहणी" मिळाली होती, तोही धुमसत होता. मला हसू आवरेना. आणि हसता हसता थांबले, कारण ती वाक्यं माझी होती. एकेक शब्द ओळखीचा. अकरा वर्षं मी ती पदरी पडली पवित्र झाली म्हणून घेतली होती, आणि याला ती अर्धा दिवससुद्धा सोसवली नाहीत.

त्या गोंधळात फक्त एक माणूस खूश होतं. टिटवाळ्याहून येणारी आमच्याकडची मुलगी, दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. तिला मिळालेला शेरा होता "स्वतःहून पुढाकार घेते, तांत्रिक समज उत्तम." तिने तो कागद घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला होता. मला हळूच काढून दाखवला. "मॅडम, मला वाटायचं, कुणाचं लक्षच नाही."

साहेबांनी शीट उघडली आणि बहुधा अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाचली. मग मला आत बोलावलं. या खेपेला चहा नव्हता. "मॅडम, हे काय करून ठेवलंत? शेरे उलटेसुलटे झालेत. हा तुमचा शेरा नाहीच. मी तुमच्याबद्दल असं म्हणूच शकत नाही."

"काल तर तुम्हीच रेकमेंड केलं होतं, सर."

"ते... ते पत्र आलं म्हणून."

मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, यातलं कुठलं वाक्य माझ्याबद्दल खोटं आहे, तेवढं दाखवा."

त्यांनी खरंच वाचलं. बोट फिरवत. पंख्याकडेही बघितलं. शेवटी म्हणाले, "खोटं असं नाही हो. पण तुमचं नाही ना ते! तुम्ही उगाच मनाला लावून घेताय." झालं. शेऱ्यातलं वाक्य तोंडावर आलं.

चूक माझी होती आणि ती मी लपवणार नव्हते. दुरुस्तीचा मेल मीच टाइप केला, रकाने मीच जुळवले. माझ्या हाताने "नेतृत्वासाठी तयार" उचललं आणि शेजारच्याच्या नावापुढे ठेवलं. माझ्या नावापुढे पुन्हा "हसतमुख". आकड्यांना हात लागला नाही, ते होते तिथेच, मी वर आणि तो खाली. आठवड्याने सुधारित पत्र आलं आणि इन्चार्ज तो झाला. त्याने पेढे आणले. मीही एक खाल्ला, आणि तो मला गोड लागला नाही, उगीच मोठेपणा कशाला सांगू.

त्या सुधारित पत्रात माझ्यासाठी एक ओळ नवीन होती. साहेबांनी अकरा वर्षांत माझ्याबद्दल स्वतः लिहिलेलं पहिलं वाक्य. "एक्सेलमध्ये काळजी घ्यावी."

फळ्यावरचं अभिनंदन तसंच होतं. सेक्रेटरीकाकांनी नवऱ्याला विचारलं, पुसू का? मी म्हटलं, पुसा, काय त्याचं लोणचं घालायचंय? रागाने बोलले. त्यांनी वर पाण्याची नवी वेळ लिहिली, आणि खाली माझी अर्धी बढती बरेच दिवस दिसत राहिली.

टिटवाळ्याच्या मुलीचंही पत्र बदललं. तिने विचारलं, "मॅडम, हे 'शांत, सांगितलेलं ऐकते' असं कुणी लिहिलं?" मी म्हटलं, "साहेबांनी." ती बरं म्हणाली आणि मोबाइलच्या कव्हरमधला कागद काढून फाडून टाकला. माझ्या पाच फुटांवर बसून ही पोरगी दोन वर्षं काम करत होती आणि तिच्या नावापुढे मी कुणाचा तरी शिळा शेरा वाढला होता. साहेबांना हसायला मी मोकळी, पण साहेबांनी निदान पंख्याकडे तरी बघितलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं. मला माझीच चीड आली.

मग यंदाचा मार्च आला. यंदा त्या मुलीला कायम करायचं की कॉन्ट्रॅक्ट संपवायचं, ते या शेऱ्यावर ठरणार होतं. साहेबांनी बोलावलं, चहा मागवला. "मॅडम, गेल्या वर्षीचंच टाका. फक्त रकाने नीट बघा, काय?"

मी म्हटलं, "सर, यंदा तुम्हीच लिहा."

"अहो, माझं इंग्लिश..."

"मराठीत लिहा. हेड ऑफिस पुण्यात आहे, लंडनला नाही."

तीन दिवस त्यांनी मला सहकार्य न करणारी, अहंकारी, आणखी कायकाय ठरवून पाहिलं. मी म्हटलं, तेच लिहा, पण स्वतःच्या हाताने लिहा. चौथ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. पुढे कोरे कागद, हातात पेन. चेहरा उतरलेला. "मॅडम, ती टिटवाळ्याची पोरगी नक्की काय काय काम बघते हो?"

मी सांगायला तोंड उघडलं. आणि ओठांवर पहिला शब्द काय यावा? "शांत." कसाबसा गिळला. दुसरा शोधायला लागले, तर मलाही फारसं काही ठाऊक नव्हतं.

मी दार उघडून तिला हाक मारली. "ये गं, बस इथे. गेल्या वर्षीचा तो शेरा साहेबांनी नाही, मी लिहिला होता. आता तू वर्षभरात काय केलंस ते साहेबांना सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीच्या कडेला टेकली आणि दिव्याच्या एका पंपापासून सुरुवात केली. तो तिने फोनवरून मेकॅनिकला सांगून सांगून चालू करवला होता. मला हे माहीतच नव्हतं. मग दुसरा पंप, मग स्टोअरच्या पार्ट्सची तिने बनवलेली यादी, मग आणखी काही. मध्येच चहा आला आणि निवला. साहेब खाली मान घालून लिहीत होते. थोड्या वेळाने त्यांना दुसरा कागद घ्यावा लागला.