आभारात न घेतलेलं नाव

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचं चर्चासत्र होतं. डार्क मॅटर नावाचं न दिसणारं द्रव्य नसेलच, आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिका इतक्या वेगानं फिरतात कारण गुरुत्वाकर्षणाचा नियमच तिथं वेगळा असेल, या मतावर मी बोलणार होते. आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी माझं नाव खोडलं. याच सरांकडे मी एमएस्सी केलेलं. भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, असलं खूळ हितं चालायचं न्हाय. तुमी आभार माना की." सगळे हसले. सर मंगळवेढ्याचे, खुशीत आले की गावाकडची बोली बाहेर यायची.

मी आभार मानले. पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, मांडववाल्याचे, माईकवाल्याचे, चहावाल्याचेसुद्धा. सरांचं नाव घेतलं नाही. आमच्याकडे आभारात नाव राहिलेला माणूस ते जन्मभर विसरत नाही. पहिल्या रांगेतला त्यांचा उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला.

पुढच्या वर्षी त्यांनी मला पहिलंच भाषण दिलं. ही मेहरबानी नव्हती; चारचौघांत मला उघडं पाडायचं होतं. मीही इरेला पेटले. वर्षभर वाचत राहिले. सर कुठं पकडतील हे शोधताना मलाच ते सापडलं. एकेकट्या दीर्घिकेला हा नियम छान लागू पडतो, पण दीर्घिकांच्या मोठ्या समूहात तो कमी पडतो, आणि न दिसणारं द्रव्य शेवटी मानावंच लागतं. मला रडू आलं. त्या सिद्धांतावर माझा जीव जडला होता. पण तो पाडण्याचा आनंद सरांना मिळू द्यायचा नव्हता.

म्हणून मीच व्यासपीठावरून सांगितलं, तो कुठं आणि कसा पडतो ते. सरांनी लिहून आणलेल्या प्रश्नाचा कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटी मी म्हणाले, "हा सिद्धांत चुकीचा असेल. पण डार्क मॅटर का मानायचं, हे मला त्याच्याशी भांडताना कळलं. सरांच्या वर्गात मी ते फक्त पाठ केलं होतं."

त्या वर्षी आभार मानायला सर स्वतः उठले. पाहुणे, प्राचार्य, मांडववाला, माईकवाला, चहावाला, सगळे झाले. माझं नाव आलं नाही.

सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.