फणस आणि दूध

तापातून उठल्यापासून पत्नीच्या घशाखाली काही उतरत नव्हते. पेज उलटून पडे, वरणाचे पाणी वाटीत तसेच राही. फणस तिच्या आवडीचा, म्हणून मी फणसाचे आइस्क्रीम आणले आणि दूध घालून मिक्सरमधून फिरवले. गऱ्यांचे तंतू अडकतील या धास्तीने ते चहाच्या गाळणीतून गाळलेही.

पेला पाहून ती म्हणाली, "फणसावर दूध? अहो, सासूबाई असत्या तर तुम्हाला स्वयंपाकघरातून हाकललं असतं."

"आइस्क्रीमही दुधाचंच असतं."

"बाधलं तर हेच सांगा डॉक्टरांना," म्हणत तिने पेला ओठांना लावला.

माणसांना जेवताना आपण जन्मभर पाहतो. त्यांचे गिळणे मात्र कधी पाहत नाही. जे आपोआप चालते, ते थांबेल अशी भीती वाटल्यावरच दिसू लागते. तिच्या गळ्यावरची सैल कातडी हलली, थांबली. मी गाळणी हातात घेऊन तसाच उभा होतो. कातडी पुन्हा हलली.

"असं रोखून बघू नका," पेला खाली न ठेवता ती म्हणाली. "उतरतंय."